तेरा हजार तास उकिडवं

जर्मनीच्या कायद्यात एक आकडा आहे, १३,०००. कामगारानं आयुष्यभरात गुडघे टेकून, उकिडवं बसून किंवा रांगत किती तास काम केलं, ते मोजायचं. ती बेरीज १३,००० तासांवर गेली आणि दर पाळीत किमान एक तास असं काम झालेलं असलं, तर त्याच्या गुडघ्यांची झीज हा व्यवसायजन्य आजार मानला जातो. मग उपचार आणि भरपाई हा त्याचा हक्क होतो. २००९ पासून हा आजार तिथल्या अधिकृत यादीत आहे. त्याच वर्षी ब्रिटननं कोळसा खाणीतल्या कामगारांच्या गुडघ्यांना अशीच मान्यता दिली, आणि पुढच्या वर्षी गालिचे आणि फरशा बसवणाऱ्यांनाही.

हाच हिशेब आपल्याकडे खुरपायला जाणाऱ्या बाईला लावून पाहू. सकाळी पातीला लागल्यापासून सुट्टी होईपर्यंत उकिडवं बसण्याचे निव्वळ पाच तास धरू. खुरपणी, भुईमूग काढणी, कांदा लागण आणि काढणी, मिरची तोडणी असं सगळं मिळून वर्षाचे दीडशे दिवस धरू. वर्षाला ७५० तास होतात. साडेसतरा वर्षांच्या आत १३,००० भरतात. जी मुलगी पंधरा-सोळाव्या वर्षी आईबरोबर खुरपं घेऊन शेतात उतरली, ती तेहतिशीच्या आत जर्मन कायद्याची मर्यादा ओलांडते. यात चुलीपुढचा वेळ, धुणं, भांडी, शेण काढणं, सारवणं काहीच धरलेलं नाही.

चाळिशीतली अशी बाई दवाखान्यात गेली की तिला सांगतात, ‘वयानुसार होतं, आता आराम करा.’ या वाक्यातले दोन्ही भाग चुकीचे आहेत. चाळीस हे गुडघे जाण्याचं वय नव्हे. आणि ज्या दिवशी आराम केला त्या दिवशी ज्याची मजुरी बुडते, त्याला आराम सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. कष्टकऱ्यांचे गुडघे बहुतेक वेळा कामानं दुखतात, आणि ते वाचवायचे तर कामातच काही बदलावं लागतं. गोळी, इंजेक्शन, पट्टा, शस्त्रक्रिया यांची पाळी त्यानंतर येते. जगभरातल्या अभ्यासांतून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे हाती आलं आहे, ते याच दिशेनं बोट दाखवतं.

आधी सांध्याची रचना. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, पुढे वाटी. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि वेदना पोचवणाऱ्या नसाही नसतात. त्यामुळे झीज सुरू होते तेव्हा काहीच कळत नाही. पुढे जे दुखतं ते सांध्याचं अस्तर, कूर्चेखालचं हाड, भोवतालचे स्नायूबंध. रक्त पोचत नसल्यानं कूर्चेचं पोषण सांध्यातल्या द्रवावर चालतं. दाब पडला की द्रव बाहेर जातो, दाब सुटला की आत येतो, ओल्या स्पंजासारखा. म्हणून चालणं गुडघ्याला मानवतं आणि एकाच अवस्थेत तासन्‌तास दाबून ठेवणं मानवत नाही. हौसेनं धावणाऱ्यांचे गुडघे लवकर झिजतात ही समजूतही तपासली गेली आहे. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हौशी धावपटूंमध्ये गुडघा आणि खुब्याची झीज बैठं आयुष्य जगणाऱ्यांपेक्षा कमी आढळली. सांधा वापरानं झिजत नाही. विशिष्ट तऱ्हेच्या, विश्रांती नसलेल्या वापरानं झिजतो.

तो भार प्रत्यक्ष मोजलाही आहे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच मोजणीची यंत्रणा बसवली आणि २०१० साली आकडे प्रसिद्ध केले. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून जास्त भार येतो. जिना चढताना तिपटीहून जास्त आणि उतरताना जवळजवळ साडेतीनपट. आपल्याला दम चढताना लागतो, म्हणून चढ अवघड वाटतो. गुडघ्याला मात्र उतार जड जातो. गड उतरून आलेल्या पोराचे गुडघे रात्री का ठणकतात, ते यावरून कळेल.

आता यात डोक्यावरचं ओझं मिळवा. ऊसतोडीच्या फडात नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. बीड, अहिल्यानगर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून ही माणसं दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. ऊस बुडाशी तोडण्यासाठी ओणवं व्हायचं, मोळी बांधायची, चुंबळीवर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढून टाकायची. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या डोक्यावर तीस किलोची मोळी असेल, तर फळी चढताना प्रत्येक पावलाला तिच्या एका गुडघ्यावर ढोबळमानानं अडीचशे किलोंच्या आसपास भार येतो. दिवसाला अशा किती खेपा होतात ते फडातल्या माणसांनाच विचारावं. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच, दवानं ओल्या झालेल्या फळीवरून. हमाल आणि माथाडी यांची कथा वेगळी नाही. पूर्वी शंभर किलोचं पोतं पाठीवर असे, आता धान्याचं पोतं पन्नास किलोंवर आलं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. बायकांसाठी ती बरीच कमी असावी असंही म्हटलं होतं. फडातल्या मोळीला कुणी वजनकाटा लावत नाही.

फरशी बसवणारे कारागीर आणि गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्या घरकामाच्या बायका यांना आणखी एक दुखणं होतं. वाटीच्या पुढे त्वचेखाली एक छोटी पिशवी असते. सतत टेकल्यानं ती सुजते, गुडघ्यावर लिंबाएवढी मऊ गाठ येते. इंग्रजीत त्या दुखण्याला मोलकरणीच्या नावानंच ओळखतात, आणि ब्रिटिश खाणकामगारांत ते इतकं नेहमीचं होतं की तिथल्या कायद्यात त्याची फार पूर्वीच नोंद झाली. हे दुखणं सांध्याच्या आतलं नसतं. टेकणं थांबवलं, खाली जाड गादी घेतली, की बहुधा ओसरतं. गाठ लाल, गरम झाली आणि ताप आला तर मात्र त्यात पू झालेला असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.

कामाचा आणि झिजेचा संबंध कितपत पक्का? अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या दीर्घकालीन अभ्यासातून १९९१ साली दिसलं की ज्या पुरुषांच्या कामात गुडघे वाकवणं आणि वजन उचलणं दोन्ही होतं, त्यांच्यात पुढे झीज जास्त आढळली. इंग्लंडमध्ये १९९४ साली दिवसाला अर्ध्या तासाहून जास्त उकिडवं बसणं किंवा गुडघे टेकणं, आणि दिवसाला दहाहून जास्त जिने चढणं, हे धोके म्हणून पुढे आले. आपल्याशी जास्त जुळणारा अभ्यास बीजिंगचा आहे, कारण तिथलेही लोक लहानपणापासून उकिडवं बसतात. पंचविशीत रोज तीन तास किंवा त्याहून जास्त उकिडवं बसणाऱ्या स्त्री-पुरुषांत म्हातारपणी झिजेची शक्यता, अर्ध्या तासापेक्षा कमी बसणाऱ्यांच्या तुलनेत दुपटीच्या घरात निघाली. उकिडवं बसणं वाईट असा याचा अर्थ मी घेत नाही. त्या बैठकीनं सांधा पूर्ण वाकता राहतो, आणि जेवायला, शौचाला, गप्पांना तसं बसण्यानं सहसा नुकसान होत नाही. प्रश्न तासांचा आहे, आणि त्या तासांत पुन्हा पुन्हा उठण्याचा.

महाराष्ट्रात या विषयाची पहिली पक्की खूण भिगवणची. पुणे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधे आणि स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना असा काही ना काही त्रास होता, बायकांना जास्त, आणि दुखण्याच्या जागांत गुडघा आणि कंबर पुढे होते. पुढे २०१६ साली देशातल्या पाच ठिकाणच्या पाहणीत गुडघ्याच्या झिजेचं प्रमाण २८.७ टक्के नोंदवलं गेलं. वय, व्याख्या, पद्धत वेगळी असल्यानं हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. पण गावात गुडघेदुखी फारशी नसते, ही समजूत भिगवणनंच मोडली होती.

‘दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, काही डॉक्टरांनीसुद्धा. कोपनहेगनचे आंद्रेआस होल्टरमान गेली अनेक वर्षं याच प्रश्नाचा अभ्यास करत आहेत. फावल्या वेळातली हालचाल शरीराला बळ देते, मजुरीतली देतेच असं नाही. कारणं साधी आहेत. व्यायाम थोडा वेळ असतो, जोर लावून असतो, आणि मग विश्रांती मिळते. मजुरी तासन्‌तास चालते, एकाच ठरावीक हालचालीची असते, आणि थकल्यावर थांबता येत नाही. पाच तास उकिडवं बसलेल्या बाईच्या मांडीच्या पुढच्या स्नायूला ताकद येत नाही. तो ताणून थकतो. आणि गुडघ्याला बसणारा हिसका झेलतो तो हाच स्नायू. तो कमजोर पडला की सगळा भार हाडावर जातो.

दुखणाऱ्या माणसाचे शब्द नीट ऐकले तर निम्मं निदान तिथंच होतं. ‘बसलेलं उठवत नाही, चार पावलं टाकली की मोकळं होतं’ म्हणजे बहुधा झिजेची सुरुवात. ‘जिना उतरताना वाटीत कळ येते’ म्हणजे वाटीच्या मागची कूर्चा किंवा मांडीच्या स्नायूची कमजोरी. ‘पाय रोवून वळले आणि कट्कन वाजलं’, त्यानंतर गुडघा अडकतो, पूर्ण सरळ होत नाही, म्हणजे गादी फाटलेली असू शकते. ‘पाणी झालंय’ म्हणजे अस्तर चिडून द्रव वाढला आहे. ‘वंगण संपलंय’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं आणि त्यावर बरीच दुकानं चालतात, पण झिजलेल्या सांध्यात वंगण संपलेलं नसतं, पुष्कळदा द्रव वाढलेलाच असतो. नुसती करकर वाजणं, दुखत नसेल तर, आजार नव्हे. ‘सकाळी तासभर हातपाय आखडलेले असतात, बोटंही सुजतात’ हे कामाचं दुखणं नाही, तो आमवात असू शकतो आणि त्याची औषधं पूर्ण वेगळी आहेत. चिकुनगुन्या येऊन गेल्यावर महिनोन्‌महिने सांधे धरतात. एकच गुडघा आठवड्यांमागून आठवडे सुजलेला राहतो, मांडी बारीक होते, अंगात बारीक ताप असतो, तर आपल्या देशात क्षयाचा विचार करावाच लागतो. आणि गुडघा अचानक लाल, गरम होऊन ताप आला किंवा पडल्यावर पायावर भार देता येईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आता कामाच्या जागी काय करता येतं ते. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बूड टेकवणं. उकिडव्या बैठकीत गुडघा पूर्ण दुमडलेला असतो. बुडाखाली सहा-आठ इंचांचा आधार आला तरी दुमड कमी होते आणि वजनाचा मोठा भाग बसण्यावर जातो. कोरियातल्या शेतकरी बायका यासाठी फोमची जाड गोल गादी वापरतात. तिचे पट्टे दोन्ही मांड्यांत अडकवलेले असतात, त्यामुळे ती पुढे सरकताना बुडाबरोबरच चालते आणि हातही मोकळे राहतात. तिथे बाजारात ही वस्तू सर्रास मिळते. गावातला कुठलाही शिंपी जुना फोम आणि बैलाच्या झुलीच्या कापडाचा पट्टा घेऊन ती करून देऊ शकेल. मला या आढाव्यात सगळ्यात जास्त सांगावीशी वाटलेली गोष्ट हीच. एका दिवसाच्या मजुरीहून कमी खर्चात होणारी वस्तू आपल्या शेतात दिसत नाही, याचं कारण गरिबी नाही. बायकांच्या गुडघ्यांचा विचार कुणी केलेला नाही, एवढंच.

दुसरा उपाय बैठक बदलण्याचा. वीस मिनिटं उकिडवं झालं की एक गुडघा दुमडलेल्या पोत्यावर टेकून दुसरा पाय पुढे, थोड्या वेळानं पाय बदलायचे. पात संपली की उभं राहून दहा-बारा पावलं चालायचं. स्पंज पुन्हा भरायला तेवढं पुरतं. उठताना दोन्ही हात मांड्यांवर रेटायचे किंवा काठीचा आधार घ्यायचा, म्हणजे पहिला हिसका हात वाटून घेतात. ओझं घेऊन वळायचं असेल तर पावलं उचलून वळायचं. पाय चिखलात रुतलेला असताना नुसतं धड फिरवलं तर गादी फाटू शकते. भातलावणीच्या दिवसांत हे जपायला हवं. ट्रकवरून, ट्रॉलीवरून खाली उडी मारू नये. मोकळ्या अंगानं मारलेली उडीही गुडघ्याला महाग पडते. फळी लांब घेतली तर चढ कमी होतो, आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या तर पाय घसरत नाही. हे काम मुकादमाचं किंवा गाडीवाल्याचं आहे, मजुराचं नाही. त्यांच्याकडून ते करून घ्यायला हवं.

दुखतं म्हणून काम थांबवावं का? डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघेदुखीसाठी चालणाऱ्या व्यायामाच्या कार्यक्रमात एक सोपा नियम शिकवतात. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. पाचपर्यंतचं दुखणं चालेल, पण चोवीस तासांत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जास्त सुजलेला, जास्त दुखरा असेल तर आदल्या दिवशीचं काम त्याच्या ताकदीबाहेरचं होतं. हा नियम कामालाही लावता येतो. त्यानं दुखण्याची भीती जाते, आणि दुखणं दाबून राबण्याला हद्दही पडते.

व्यायाम मोजकेच लागतात. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती खाली दाबून दहा आकडे धरायचे. उताणं पडून सरळ पाय वीतभर उचलायचा. कुशीवर पडून वरचा पाय बाजूला उचलायचा. बाजेवरून किंवा ओट्यावरून हात न टेकवता सावकाश उठायचं आणि त्याहून सावकाश बसायचं. भिंतीला धरून टाचा उचलायच्या. प्रत्येक दहा-दहा वेळा, दिवसाआड. सहा ते आठ आठवडे फरक दिसत नाही आणि बहुतेक जण त्याआधीच सोडून देतात. अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयांत १५६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षभरानंतर स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतलेल्यांपेक्षा फिजिओथेरपी घेतलेल्यांची अवस्था चांगली होती.

वजन जास्त असेल तर ते कमी करण्याला पर्याय नाही. फ्रॅमिंगहॅमच्या बायकांत दहा वर्षांत पाचेक किलो वजन उतरल्यानं गुडघेदुखीचा धोका निम्म्याहून खाली आला होता. पण फडातल्या आणि पातीतल्या बहुतेक बाया आधीच काटकुळ्या असतात. त्यांना वजन कमी करा असं छापील पत्रकावरून सांगणं क्रूर आहे. त्यांना ताटात डाळ, अंडं, दूध हवं, कारण उपाशी शरीरावर स्नायू चढत नाही.

औषधांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दुखऱ्या जागी चोळायचं डायक्लोफिनॅकसारखं मलम हा पहिला उपाय, असं ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पोटातून घ्यायच्या गोळ्या नंतर, कमीत कमी दिवसांसाठी. नेहमी पॅरासिटामॉल घेण्याचा फारसा उपयोग दिसलेला नाही. ग्लुकोसामाइनच्या महागड्या पुड्या आणि गोळ्यांबद्दल अमेरिकेत सुमारे सोळाशे रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २००६ साली निकाल आला. एकूण रुग्णांत त्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. आपल्याकडे त्यांच्यावर महिन्याला जाणारे पैसे अंड्यांवर खर्च झाले तर बरं. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. पण २०१७ च्या एका चाचणीत दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ते घेणाऱ्यांची कूर्चा जास्त पातळ झाली आणि दुखणं मात्र खोट्या इंजेक्शनपेक्षा कमी झालं नाही.

याहून मोठं संकट फडाच्या आणि बाजारच्या गावात आहे. ‘खाडा पडू नये’ म्हणून मजूर सकाळीच वेदनाशामक गोळी घेतो, भर उन्हात घाम गाळतो, पाणी पुरेसं पीत नाही. अशा कोरड्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमधल्या ऊसतोड मजुरांत तरण्या वयात मूत्रपिंडं निकामी होण्याची साथच आहे. उन्हातले कष्ट आणि पाण्याची कमतरता यांच्याकडे मुख्य कारण म्हणून बोट दाखवलं जातं, आणि या गोळ्या त्यात भर घालत असाव्यात असं तज्ज्ञांना वाटतं. दुसरा धोका बिनलेबलाच्या पुडीचा. ‘दोन दिवसांत गुडघा मोकळा’ करणाऱ्या पुडीत बहुधा स्टिरॉइड असतं. चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात, आणि मांडीचा तोच स्नायू, जो वाचवायचा होता, गळून जातो.

शस्त्रक्रियांत दुर्बिणीनं सांधा धुऊन काढण्याची पद्धत एकेकाळी फार चालत असे. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांपैकी काहींना खरी शस्त्रक्रिया केली, काहींना नुसते छेद देऊन टाके घातले. २००२ साली निकाल आला, दोन्ही गट सारखेच. फिनलंडमध्ये २०१३ साली वयानं फाटलेल्या गादीबाबतही तसंच निघालं. तरण्या माणसाची ताजी फाटलेली, गुडघा अडकवणारी गादी हा वेगळा प्रश्न आहे, तिथं शस्त्रक्रिया लागते. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील आणि वय पन्नाशीच्या आत असेल तर नडगीचं हाड कापून पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया कष्टकऱ्याला सांधाबदलापेक्षा मानवते, कारण तिच्यानंतर जड काम करता येतं.

सांधाबदलाची शस्त्रक्रिया मात्र सिद्ध झालेली आहे. अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे २००० आणि २००१ मध्ये मुंबईत बदलले गेले तेव्हा ती घराघरात माहीत झाली. दहातले आठ कृत्रिम गुडघे पंचवीस वर्षं टिकतात, असं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात दिसलं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सुमारे १ लाख ५८ हजारांवरून कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. पण कृत्रिम सांधा उकिडव्या बैठकीसाठी केलेला नसतो. खुरपणीवाल्या बाईचं दुखणं त्यानं जातं आणि तिची रोजीही जाते. म्हणून तिच्यासाठी हा शेवटचा मार्ग आहे, आणि त्याच्या अलीकडे जेवढी वर्षं मिळवता येतील तेवढी मिळवायला हवीत.

ती वर्षं अवजारांतून मिळतात. चाकाचं हातकोळपं, ज्याला आपण सायकल कोळपं म्हणतो, त्यानं दोन ओळींतलं तण उभ्यानं काढता येतं. रोपांच्या अगदी जवळचं तेवढं खुरप्यासाठी उरतं. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या गृहविज्ञानाच्या विभागानं शेतकरी बायकांच्या कष्टांचा आणि त्यांच्या सोयीच्या अवजारांचा अभ्यास केला आहे. ही अवजारं गावात पोचत नाहीत, कारण खुरप्यानं काम करणारी बाई मजूर असते आणि अवजार विकत घेणारा मालक असतो. दुखतात तिचे गुडघे, खर्च होतो त्याचा. शिवाय काम उक्तं दिलं की जितकं जास्त उरकेल तितके पैसे. मग दर वीस मिनिटांनी उठून चालायला कोण धजावेल? रोजानं काम आणि मध्ये दोन हक्काच्या सुट्ट्या, एवढा बदल कित्येक गोळ्यांपेक्षा जास्त गुण देईल.

कायद्याचं बोलायचं तर आपल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला व्यवसायजन्य आजारांची अनुसूची जोडलेली होती. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, ॲस्बेस्टोसिस असे आजार तिच्यात होते. उकिडव्या आणि टेकून केलेल्या कामानं झालेली गुडघ्याची झीज तिच्यात नव्हती. यादीत नाव नसलं की नोंद नाही, नोंद नसली की आकडा नाही, आणि आकडा नसला की ते दुखणं पुन्हा वयाच्या खात्यावर लिहिलं जातं.

इटलीत मोडेना इथे शिकवणारे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितलं की रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक विचारा, तुमचा धंदा काय? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना माझी एवढीच विनंती आहे. गुडघे धरून आलेल्या बाईच्या केसपेपरवर वयाच्या शेजारी तिचं काम लिहा. कोणतं, दिवसाला किती तास उकिडवं, कितव्या वर्षापासून. आणि ज्यांच्या शेतात उद्या बाया खुरपायला येणार आहेत, त्यांनी आजच शिंप्याकडे दहा गाद्या टाकाव्यात.